माल्टात नदी नाही

नाय नाय साहेब, तुमचं काय तरी चुकतंय — जहाज माल्टाचंच. हा फोटो बघा, माझ्या नंदूनं धाडलेला. जहाजाच्या पाठीवर काय लिवलंय? व्हॅलेटा. मला कुठं इंग्लिश येतं — राजनंदिनी बाईंनी वाचून दिलं, भूगोल शिकवतात ना आमच्या शाळेत, त्या. म्हणाल्या, चांगुणाबाई, ही माल्टाची राजधानी. आणि हाच नकाशा उघडून दावला — चौदा वर्षं वर्गात नकाशे मीच टांगते, पण बघितला कधी? कशाला बघतेय! हा इटलीचा बूट, त्याच्याखाली हा ठिपका. पेनानं गोल बाईंनीच केलाय.

मोठा देश नाय हो. सत्तावीस किलोमीटर लांब — आपलं वाशी ते उरण, संपला देश. माणसं राहतात अशी बेटं तीनच — माल्टा, गोझो, कोमिनो. डोंगर नाय, नावाला टेकड्या. जंगल नाय. नदी तर एक पण नाय. आठ महिने झाले तार येऊन, की पोरगा जहाजावरून पाण्यात पडला, सापडत नाय. शेजारणी मागं लागल्या, आता त्याच्या मागचं पुण्यानुमोदन उरकून घ्या, पोरगा गेला असं धरा. मी म्हटलं, का म्हणून? गावच्या खाडीत पोहायला शिकलाय तो. एवढ्याशा देशात माणूस हरवंल कुठं? असंल कुणाच्या तरी घरी, भाषा येत नसंल त्याला. कोपरखैरण्याला चांगली खोली भेटत होती, ती पण सोडली मी — पत्ता बदलला तर पोरगा यायचा कुठं?

आणि आता त्याला जहाजावर लावणाऱ्या एजन्सीचं माणूस होऊन तुमी म्हणता, ते जहाज माल्टाला कधी गेलंच नाय? नुसती नोंदणी तिकडची? म्हणजे नंबर सातारचा नि ट्रक जल्मभर इथं पावण्याच्या एमआयडीसीत फिरतोय — तसं? हां. हां, समजलं. नाय, पाणी नको. रडत नाय मी.

मग पडला कुठं? बोट ठेवा नकाशावर. — इथं? हे तर सगळं निळंच हाय. जवळ काय नाय? एक ठिपका पण?

आणा तो कागद, पोरगा गेला असं लिवलेला. नाय, अंगठा नाय, सही येते मला. नंदूनंच शिकवलीय. — झालं. सरका जरा, नकाशा गुंडाळते. जावा तुमी आता, माझी घंटा द्यायची वेळ झाली.