वाळक्या पानांचा पक्षी

दवाखान्याच्या बाकावर एक सुतार आजोबा आणि त्यांची नात वाळलेल्या पानांचा पक्षी चिकटवत होते. शेजारचा कंडक्टर कधीच निवृत्त झाला होता, पण त्याचे कान अजून ड्यूटीवर होते. एकही कुजबुज आपण विनातिकीट सोडली नाही, असं तो स्वतःच सांगे. त्याने पेपर तोंडासमोर धरला.

“आजोबा, पाय वाकडा हवा.”

“चाळीस वर्षं सुतारकाम केलंय मी. माझ्या हातून वाकडं निघत नाही.”

“म्हणूनच हा स्टुलासारखा दिसतोय.”

“बरं बाई, दे ती वाकडी काडी.”

“भाऊ लवकर जन्मला आणि थेट काचेच्या पेटीत गेला. तिथे थंडी कळतच नाही. मग गळलेली पानं त्याला कोण दाखवणार?”

जाता जाता नर्सबाई थबकल्या. “पेटीत नको हं, बाळा. जंतू जातील.”

“खोलीच्या काचेला बाहेरून चिकटवतो, सिस्टर. एवढं तरी चालेल ना?”

“चालेल, पण डिंक जरा कमीच लावा, आजोबा. सोमवारी बाळाला पेटीतून काढून आईजवळ देणार आहेत. मग पक्षी सोडवून घरी न्याल ना?”

कंडक्टरचा पेपर खाली आला.

नात म्हणाली, “आजोबा, डोळे पुसू नका. हाताला डिंक आहे.”