चोरीचा पेला

आईच्यान सांगतो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी पाठमोरा बसलतो, पण ते सोडा, चहा प्या.

माजलगावात दत्ताअण्णाची खानावळ हाय. तिथले स्टीलचे पेले एकेक करून गायब व्हायला लागले. अण्णाचा संशय म्हाताऱ्या वाढप्यावर, नामदेववर.

"आणखी एक पेला गेला की तू घरी," अण्णानं त्याला बजावलं.

नामदेव माझ्याकडं आला. "भाऊ, माझी भाकर वाचवा."

मी अण्णाला युक्ती दिली. अण्णानं भांड्यावर नावं घालणारा बोलावला आणि प्रत्येक पेल्यावर कोरून घेतलं, 'हा पेला दत्ताअण्णाच्या खानावळीतून चोरलेला आहे.'

पंधरा दिवस एक पेला हलला नाही. मग एक हवालदार जेवायला आला. पाणी पिता पिता त्यानं ते वाचलं.

"अण्णा, हा चोरीचा हाय?"

"न्हाई साहेब, इथलाच हाय."

"मग चोरलेला कावून लिहिलंय?" म्हणत त्यानं पेला पिशवीत टाकला. "मुद्देमाल हाय. न्यावाच लागतो."

अण्णा नामदेवला म्हणला, "लेका, पेले गिऱ्हाईकच नेतंय, तुझ्यावर उगीच आळ घेतला." नामदेव अजून तिथंच वाढतोय.

यात हवालदार तेवढा मी माझ्या पदरचा घातला. चहा संपला असंल तर हातातला पेला वाचा.