उपरण्याखालचा भाव

अर्थशास्त्र मला एका बैलानं शिकवलं, पण पेपर झाल्यावर.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, मी कॉलेजात होतो. परीक्षा आठ दिवसांवर आलेली आणि आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला बैल विकायला घोडेगावच्या बाजारी नेलं. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. तीन गिऱ्हाइकांनी एकामागून एक हात धरला आणि तिथंच थांबली. प्रत्येकाचा आकडा आप्पा माझ्या कानात सांगत होते. तिसऱ्याला वाटलं, आधीचे भरपूर बोललेत, म्हणून तो दोनशेवर गेला.

मला ही लपवाछपवी अडाणीपणाची वाटली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खऱ्या बाजारात भाव सगळ्यांना ठाऊक पाहिजे. यांनी दीडशे सांगितले, यांनी एकशेसाठ आणि तुम्ही दोनशे."

दोनशेवाल्यानं उपरण्यातून हात काढला. "मग म्या येडा हाय व्हय?" म्हणाला आणि निघून गेला. बाकीचे दोघं त्याच्या मागं हसत गेले.

आप्पा, मी आणि बैल चालत घरी आलो. 

पेपर देऊन आलो तेव्हा आप्पांनी विचारलं, "काय विचारलं हुतं?"

"बाजारात सगळ्यांना भाव ठाऊक असला तर काय होतं."

"मंग काय लिव्हलंस?"

"पुस्तकातलं."

आप्पा वैरण टाकायला उठले. "आरं, उत्तर गोठ्यात बांधलं हुतं की."