मंगळावरची शेवटची चार पानं

बोरिवलीच्या वाचनालयात पुस्तकं बदलायला रांग लागली होती. काउंटरवर कार्डं भरता भरता कुंदाचे कान पुढच्या दोघांकडे होते.

"सुगंधाताई, ही मंगळावरची कादंबरी कशी वाटली?"

"शेवट काय झकास आहे हो, भाऊ! सगळे म्हणतात हा मेला, आणि पठ्ठ्या यान दुरुस्त करून घरी हजर. वर आईला म्हणतो, आधी भाकरी टाक."

"काहीतरीच काय! तो तिकडेच मरतो. माझ्या घरी आहे हे पुस्तक."

"अहो, कालच वाचलंय मी. शेवटची चार पानं फाटलीत ना, ती कोणीतरी हाताने उतरवून चिकटवलीत. अक्षर कसलं सुरेख आहे!"

कुंदाने हातातलं कार्ड हळूच पालथं घातलं.

"उतरवून? छापलेल्यात भाकरीबिकरी काही नाही."

"मग छापलेलंच चुकलंय. एवढा जिद्दीचा माणूस असा मरतो होय?"

सुगंधाताईंनी पुस्तक परत केलं आणि त्या कपाटांकडे वळल्या. भाऊंनी ते काउंटरवरून उचललं.

"हे माझ्या नावावर टाका."

"पण तुमच्या घरी आहे ना?" कुंदाने मान वर न करता विचारलं.

"आहे. पण त्यात तो मरतो."