सातवं गाणं आणि मामाचा पाय

(स्पीकर-दुरुस्तीचं दुकान. मामा बाकावर, हातात सोल्डरिंगची गरम सळई. समोर स्टुलांवर त्याची दोन भाचरं: नाचाची गाणी बनवणारी भावंडांची जोडगोळी, थोरला आणि धाकटी.)

मामा: नाही, सांगून उपयोग नाही. कोणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही. तुम्हीच म्हणाल, म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला झाला.

धाकटी: मामा, तू अल्बम ऐकलास की नाही, एवढंच सांग.

मामा: ऐकला का काय विचारतेस! काल दुपारी अख्खा लावला. दहाच्या दहा गाणी. पहिल्या सहांना माझा पाय हलला.

थोरला: म्हणजे सहा पास.

मामा: पास. पहिल्या अल्बमला याच पायानं पास केलं, दुसऱ्यालाही हाच करणार. हलला तर गाणं राहणार, नाही हलला तर जाणार. त्यात वशिला नाही.

थोरला: आठ, नऊ, दहा?

मामा: हलला, हलला, आणि दहाव्याला तर पोटरीत गोळा आला.

थोरला: आणि सातवं?

धाकटी: दादा, बोलू दे की त्याला.

थोरला: बोलू देतोय. संध्याकाळी कंपनीला पाठवायचंय. आणि सकाळी तूच म्हणालीस, मामा म्हणेल तसं.

धाकटी: म्हणाले. पण ते गाणं गेलं, तर अल्बमवर माझं नाव नको. तुझं एकट्याचं टाक.

थोरला: ऐकलंस मामा? सकाळपासून हीच रेकॉर्ड. अरे, पहिला अल्बम आपण करतो, दुसरा लोक करवून घेतात. लोक आमच्याकडे नाचायला येतात. आणि ही बाई मध्येच एक सूर धरून बसते. ढोल नाही, टाळी नाही, नुसती गाते! भरल्या हॉलमध्ये लोकांनी तेवढा वेळ करायचं काय? चपला शोधायच्या?

धाकटी: पहिल्यांदाच गायले रे. इतकी वर्षं भाड्याचे आवाज आणले आणि मी नुसती बटणं दाबली.

मामा: भांडू नका, सळई तापलेली आहे. तर सातवं लागलं. आधी उठला समोरचा शिंपी. गिऱ्हाइकाची पँट टेबलावर, कात्री हातात. कात्री अशी काही रंगात आली की पँटची चड्डी झाली, तरी गडी थांबेना.

थोरला: आणि गिऱ्हाईक?

मामा: ते चड्डी घालून नाचत होतं. तेवढ्यात माडीवरचा दाताचा डॉक्टर खाली आला. मागोमाग त्याचा पेशंट. तोंडात कापसाचे बोळे, दाढेला चिमटा तसाच लटकलेला. त्यानं एक गिरकी घेतली आणि दाढ टपकन बाहेर! मी विचारलं, दुखलं का हो? तर म्हणतो, कडवं संपू द्या, मग सांगतो.

धाकटी: तोंडात बोळे असताना?

मामा: खुणेनं म्हणाला गं! गोष्ट रंगात आली की हिनं तिची शेपटी ओढलीच. मग तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाई. पाण्याच्या पाइपावरून ज्या वकीलसाहेबांशी त्यांचं कोर्टात चाललंय, त्यांच्याच हातात हात! दोघं जिन्यानं वर-खाली, वर-खाली.

थोरला: हेडबाईंचे गुडघे बदललेत ना?

मामा: बदललेत म्हणूनच. नव्या गुडघ्यांना जुनं वैर कुठे ठाऊक?

थोरला: मामा, त्या गाण्यात ठेकाच नाही. नाचले कशावर सगळे?

मामा: इथेच तर गोम आहे, भाचेबुवा! ठेका नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापला घातला. शिंप्यानं कात्रीचा, हेडबाईंनी छत्रीचा. पहिल्या अल्बममध्ये तू लोकांना कान धरून उठवलंस. या गाण्यात कान सोडलास, तर मंडळी आपणहून उठली.

धाकटी: खरंच, मामा?

मामा: खरंच म्हणजे? चौकातल्या हवालदारानं शिट्टी खिशात घातली आणि हात असे हलवायला लागला, की चारी बाजूंच्या गाड्या डुलत पुढे आल्या आणि डुलत मागे गेल्या. एकालाही साधा ओरखडा नाही.

थोरला: आणि तुझा पाय?

मामा: माझा?

थोरला: नियम तुझ्या पायाचा आहे. शिंप्याच्या कात्रीचा नाही.

मामा: हलला म्हणजे काय! अरे, चप्पल उडाली ती थेट पंख्याला जाऊन अडकली. शिडी लावून काढावी लागली.

धाकटी: माझ्याकडे बघून सांग.

मामा: बघितलं असतं गं पोरी, पण सळईवरची नजर काढली तर बोट भाजेल.

थोरला: खोटं.

मामा: काय खोटं? शिंप्याला हाक मारू?

थोरला: मार. काल दुपारी त्याचं दुकान बंद होतं. मी इथेच होतो, मामा, तुझ्या दारात. हिच्या आधी गाठून तुला माझ्या बाजूला वळवायला आलो होतो.

धाकटी: दादा! लाज वाटत नाही?

थोरला: शिव्या नंतर घाल. मामा, कोणी नाचलं नाही. आणि तुझा पाय तर मी टक लावून बघत होतो. इतकासुद्धा हलला नाही.

धाकटी: मग झालंच की. विषय संपला.

मामा: अगं, पायाला मुंग्या आल्या होत्या जरा. बसून बसून येतात. तो काही पायाचा निकाल नव्हे, परत एकदा...

थोरला: पुरे, मामा. गाणं संपलं तरी तू तसाच बसला होतास. हातातली सळई बाकाचं लाकूड जाळत होती, तुला वासही आला नाही. मग उठलास आणि तेच गाणं पुन्हा लावलंस. दहाच्या दहा पाठव गं.

मामा: दारात होतास, तर आत का नाही आलास लेका?

थोरला: दुसऱ्यांदा सुरू झालं होतं ना. मध्येच कसा येणार?