मॅक्सीनकडे जायचा खोका

ड्वेन : ...आणि एवढं अंतर गाडी हाकत यायच्या आधी फोन तरी करायचास. मी सांगितलं असतं, बियाण्यांचा खोका देता येणार नाही म्हणून.

व्हर्लिन : म्हणूनच नाही केला.

कॉनी : ड्वेन, आत घे त्याला. दारात उभं राहून सगळं घर गार करतोयस. ये व्हर्लिन. बूट राहू देत पायात. कॉफी घेशील ना?

व्हर्लिन : घेईन. दूध नको.

ड्वेन : हे बघ, आर्लिस गेली त्याचं मला खरंच वाईट वाटलं. आमच्या बियाण्यांच्या ग्रुपवर लिहिलंही मी तसं.

व्हर्लिन : वाचलं. तुझ्याखाली कुणीतरी लिहिलं, हॉस्पिटलांची ही दशा कुणी केली ते आता तरी ओळखा. त्याच्याखाली तू त्याला उत्तर दिलंस. मग त्यानं तुला. माझी बायको वरच राहिली आणि तुम्ही पार खाली पोचलात.

ड्वेन : त्याला कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं.

व्हर्लिन : ती गेल्याच्या बातमीखाली?

ड्वेन : सुरुवात मी केली नव्हती.

कॉनी : हे वाक्य या घरात रोज ऐकू येतं. घे, गरम आहे.

व्हर्लिन : मी भांडायला आलो नाही. मला बियाण्यातलं काही कळत नाही, पण खोक्याचा नियम कळतो. आपल्याला हवं ते बी काढायचं, आपलं घालायचं, टेप लावायची आणि पुढच्याला पोस्टानं पाठवायचं. आमच्या स्वयंपाकघरातून किती वेळा गेलाय तो. तुझ्याकडे आला आणि दोन हिवाळे हललाच नाही. का?

ड्वेन : पुढे कोण आहे माहीत आहे ना तुला? मॅक्सीन.

व्हर्लिन : मग?

ड्वेन : मग काय मग. तिनं काय केलं ते तुला ठाऊक नाही. घेवड्याच्या वेलाचा फोटो टाकला, आणि मागं अंगणात त्यांच्या उमेदवाराची पाटी. चांगली ठळक. ती काय चुकून आली? चार पावलं सरकून फोटो काढता आला नसता?

व्हर्लिन : घेवडा कसा होता?

ड्वेन : काय?

व्हर्लिन : फोटोतला. वेल कसा होता?

ड्वेन : ते मी कशाला बघतोय.

व्हर्लिन : आर्लिसनं बघितला. म्हणाली, पानांवर तांबेरा दिसतोय. तिनं मॅक्सीनला तेवढंच लिहिलं, खालची पानं काढून टाक आणि पाणी मुळाशी घाल. त्यावर तू तिला विचारलंस, म्हणजे तूपण त्यांच्यातलीच का?

ड्वेन : तेव्हा सगळेच तापले होते, व्हर्लिन.

व्हर्लिन : आणि दुसऱ्या बाजूचे तिला म्हणाले, पाटीबद्दल गप्प बसलीस म्हणजे तू ड्वेनच्या गोटातली. जेवताना मला विचारत होती, तांबेऱ्याला कुठली बाजू असते रे?

कॉनी : हे मला कधी कळलं नाही.

ड्वेन : तुला ग्रुपमधलं काय कळतं?

कॉनी : तू ताटावर बसून मोठ्यानं वाचतोस तेवढं. त्यात घेवडा कधी आल्याचं आठवत नाही.

व्हर्लिन : मीपण वाचायचो. शेवटी शेवटी तिला अक्षरं दिसेनात. म्हणायची, ग्रुपवर काय चाललंय ते वाच. मी भांडणं गाळायचो. ती गाळली की खाली उरायचं काहीच नाही. मग मी आपलं मनानंच रचायचो. अमक्यानं वाटाणा पेरला, तमकीच्या काकडीला फूल आलं.

कॉनी : तिला कळलं नाही?

व्हर्लिन : मी मार्चमध्ये कुणाच्या तरी परसातल्या काकडीला फूल आणलं. विस्कॉन्सिनमध्ये. बाहेर ढोपरभर बर्फ. ती म्हणाली, त्याला माझं अभिनंदन कळव. आणि म्हणाली, अजून वाच.

कॉनी : ड्वेन, खोका आण.

ड्वेन : अगं पण याला कशाला हवाय? हा कुंडीत काही लावत नाही.

व्हर्लिन : तिचा घेवडा आहे त्यात. तपकिरी, डोळ्याशी पांढरा. तिच्या आत्याकडचा.

ड्वेन : तो तिनं बऱ्याच जणांना दिला होता.

व्हर्लिन : दिला होता. आजारी पडल्यावर तिनं ग्रुपवर विचारलं, माझा घेवडा अजून कुणी लावतं का? एकाचंही उत्तर आलं नाही. त्या दिवशी निवडणुकीचा निकाल होता.

ड्वेन : माझ्या नजरेतून सुटलं असेल.

व्हर्लिन : सगळ्यांच्याच सुटलं.

ड्वेन : बरं, पण घरी असेलच की थोडा. खोक्यात घालताना आम्ही निम्मा घरी ठेवतो.

व्हर्लिन : त्या वर्षी नाही ठेवला. म्हणाली, घरी ठेवला तर मी गेल्यावर तू त्याचं सूप करून खाशील. ग्रुपमध्ये असला तर कुणीतरी पेरेल. होता नव्हता तेवढा खोक्यात घातला. पाकिटावर मॅक्सीनचं नाव घातलं. तिकडची माती हलकी आहे म्हणे.

ड्वेन : मॅक्सीनचं?

व्हर्लिन : आधी तुझं घालणार होती. मग म्हणाली, ड्वेन हल्ली काही पेरत असेल असं वाटत नाही.

कॉनी : खोटं नाही. मागच्या वाफ्यांत नुसतं गवत माजलंय.

ड्वेन : तळघरात आहे खोका. आणतो.

(ड्वेन खोका आणून टेबलावर ठेवतो. टेप जशीच्या तशी आहे.)

कॉनी : तू हा उघडलासुद्धा नाहीस?

ड्वेन : उघडून काय करायचं होतं? पुढे जायचाच नव्हता तो.

व्हर्लिन : कात्री दे, कॉनी. हां. हे बघ, वरच आहे. तिचंच अक्षर.

कॉनी : थांब, टेबलावर हे काय सांडतंय?

व्हर्लिन : पीठ दिसतंय. पाकिटातूनच गळतंय. ड्वेन, काय आहे हे?

ड्वेन : बघू. दाणे हातावर घे.

व्हर्लिन : भोकं आहेत. सगळ्यांना.

ड्वेन : भुंगा. कुणाच्या तरी पाकिटातून आला असणार. एकात असला की हळूहळू सगळा खोका खातो.

व्हर्लिन : आमच्याकडे खोका आला की आर्लिस आधी अख्खाच्या अख्खा फ्रीजरमध्ये कोंबायची. माझं आइस्क्रीम बाहेर. म्हणायची, गारठ्यानं भुंगा मरतो, सगळेच करतात असं.

ड्वेन : सगळेच करतात.

व्हर्लिन : तूही?

ड्वेन : दर वेळी. आल्या दिवशीच. या खेपेला खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली, पुढे मॅक्सीन, आणि डोकंच फिरलं. नेऊन हीटरजवळ ढकलला. म्हटलं, मागू दे तिला. आधी त्या पाटीबद्दल माफी मागेल, मग देईन.

कॉनी : मग? मागितली तिनं?

ड्वेन : खोका कुठं अडकलाय एवढंही विचारलं नाही तिनं. कुणीच नाही विचारलं.

व्हर्लिन : बाहेर बर्फात फेकून दिला असतास तरी वाचले असते.

कॉनी : एखादा तरी धड असेल. चाळणी देऊ?

ड्वेन : नको. दे इकडं, मला हाताला कळतं. हा पोकळ. हाही. हा वरून बरा दिसतो, पण दाबला की... नाही. नाही रे, व्हर्लिन. यातला एकही उगवायचा नाही.

व्हर्लिन : पाकिटात भर परत. ते पीठपण भर.

ड्वेन : त्याचं काय करणार?

व्हर्लिन : मॅक्सीनचा पत्ता दे.

ड्वेन : तिला पाठवणार? हे?

व्हर्लिन : तिचं नाव आहे त्यावर.

ड्वेन : ऐक जरा. बस एक मिनिट. ती हे ग्रुपवर टाकेल. फोटोसकट. तुला ती माणसं माहीत नाहीत, आयतं कोलीत मिळेल त्यांना. बघा म्हणतील, यांच्या बाजूचे लोक कसे असतात. पत्ता देतो मी तुला. पण तिला सांग टाकू नकोस म्हणून. आणि तूही यातलं तिथं काही लिहू नकोस.

कॉनी : तुला आत्ता हे सुचतंय, ड्वेन?

व्हर्लिन : राहू दे, कॉनी. कॉफी चांगली होती. आणि तू उगाच घाबरू नकोस, ड्वेन. घेवड्याबद्दल लिहिलेलं तिथं वाचतं कोण?