वजन म्हणून बसलेल्या अकरा जणी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, या शोरूमचे मालक आदरणीय बंकटराव साहेब. विभागीय कार्यालयातून खास या कार्यक्रमासाठी आलेले प्रमुख पाहुणे गहिनीनाथ साहेब. ज्यांच्या प्रेमापोटी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, वर्कशॉपचे मॅनेजर मोहनराव साहेब. व्यासपीठावरचे इतर मान्यवर, वर्कशॉपमधली सगळी कारागीर मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय जय भीम आणि रामराम.

मी मालनबाई जोगदंड. खोरवाडीच्या महिला दूध उत्पादक सहकारी संस्थेची चेअरमन. ग्राहकांच्या वतीनं दोन शब्द बोलायला तुम्ही मला बोलावलं, हा मी मान समजते. तरी मनात प्रश्न होताच, की एवढ्या बीड जिल्ह्यात माझंच नाव कसं काय निघालं? मघाशी दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरमधी बघितलं. वर्कशॉपला समद्यात जास्त येळा तुमीच आलात." म्हणजे बघा. तहसीलला एवढ्या खेपा घातल्या असत्या तर आमच्या वाडीला डांबरी सडक झाली असती.

हसा, हसा. मलाही आधी हसूच आलं.

मोहनराव साहेबांबद्दल वाईट बोलणारा माणूस तुम्हाला या हॉलमध्ये सापडणार नाही, आणि मीही बोलणार नाही. आम्ही वर्कशॉपला गेलो की आधी खुर्ची, मग पाणी, मग चहा. आमच्यासारख्या बायांना कुठल्या ऑफिसात कोण खुर्ची देतं? आणि चहा संपेपर्यंत साहेब कधी 'नाही' म्हणायचे नाहीत. कप खाली ठेवला की मग म्हणायचे, "ताई, तुमचं दुःख मला कळतं, पण हे वॉरंटीत बसत नाही." आमच्याकडे सोयरीक मोडतानासुद्धा कुणी इतकं गोड बोलत नाही. असं गोड ऐकून मी दर वेळी एसटीत बसायची, आणि गाव यायला लागलं की डोकं तापायला लागायचं.

आता आमच्या गाडीचं प्रकरण काय आहे, ते थोडक्यात सांगते. अध्यक्ष महोदय, घड्याळ बघू नका, आवरतेच.

आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. बाहेर पडायचं तर खिंड चढावीच लागते. दसरा झाला की आमच्याकडच्या बाया कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, हे मी तुम्हाला काय सांगणार? घराला कुलूप, पोरं सोबत, शाळा बुडीत. ते थांबावं म्हणून आम्ही संस्था काढली. बँकेनं हात दिला, बायांनी गायी घेतल्या आणि दूध बीडच्या शीतकरण केंद्रात न्यायला गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर याच शोरूममधून पिकअप घेतली. त्या वर्षी आमच्या संस्थेतली चतुराबाई पहिल्यांदा ऊसतोडीला गेली नाही. तिच्या दोन गायी होत्या, लेक सातवीला होती. मला म्हणाली, "आक्का, औंदा मी माज्या घरात दिवाळी केली." तुम्हाला त्यात विशेष वाटणार नाही. आमच्यात लई मोठी गोष्ट हाय ती.

त्याच दिवाळीत गाडी खिंडीत घसरायला लागली. म्हणजे इंजिन बोंबलतंय आणि चाक जागचं हलत नाही. वर्कशॉपला आणली. साहेब म्हणाले, क्लचप्लेट जळाली आहे. प्लेट हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही, आणि तुमचा ड्रायव्हर क्लचच्या पेडलवर पाय ठेवून चालवतो. आमचा ड्रायव्हर शहादेव. त्यानं आयुष्यभर खडीचे ट्रक चालवले, त्याला कुणी असं बोललं नव्हतं. तरी आम्ही ऐकलं. पदरचे पैसे घालून प्लेट टाकली. शहादेवनं तेव्हापासून चप्पल काढून गाडी चालवायला सुरुवात केली. म्हणायचा, "आता पेडलला पाय लागला तर मला कळंल." उन्हाळ्यात तापलेल्या पेडलावर अनवाणी पाय! सांगा, हा माणूस क्लच जाळणारा आहे का?

शिमग्याला गाडी पुन्हा घसरली. या वेळी कारण निघालं धूळ. दुष्काळ आहे, रस्त्यावर फुफाटा आहे, धूळ आत जाते, आणि धूळ कंपनीच्या हातात नाही. मी विचारलं, "साहेब, मग आमच्या हातात आहे का?" चहा मात्र आला.

हे चाललं होतं तेव्हा सकाळचं दूध खिंडीत उन्हात उभं राहायचं. टँकरच्या पाण्यावर जगवलेल्या गायीचं दूध, मंडळी. स्वतः कमी प्यायचं आणि गायीला बादली दाखवायची. ते दूध नासलं की खिंडीतच ओतायचं. ओतताना कुणी रडत नव्हतं. सगळ्या जणी माझ्याकडे बघायच्या, कारण चेअरमन मी.

मग मी वर्कशॉपच्या पायरीवर बसकण मारली. साहेबांना दया आली. ते म्हणाले, "ताई, रिकाम्या गाडीत दोष दिसत नाही. भरलेली गाडी चढावर चालवून बघू. मी स्वतः येतो." आणि ते खरंच वाडीत आले. भर मे महिन्यात, स्वतः. याचं श्रेय मी त्यांना या व्यासपीठावरून देते.

आता भरलेली गाडी आणायची कुठून? चारा संपला होता, दूध आटलं होतं, कॅन निम्मे रिकामे. साहेब सहज म्हणाले, "कॅनमध्ये पाणी भरा ना."

त्या वेळी टँकर दोन दिवसांआड यायचा. आमच्यातली भामाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "सायेब, पाणी? वजनाला?" साहेबांना कळलं, त्यांनी कानाला हात लावले. मग कुणी म्हणालं, वाळू भरा. शहादेव म्हणाला, "वाळू भरली तर खिंडीच्या आदीच तहसीलदार गाडी धरतेल." दगड म्हणावे तर दुधाच्या गाडीत दगड टाकायला बाया तयार होईनात. शेवटी भामाबाईच म्हणाली, "कावून येवढा इचार करायलात? आमी काय कापसाच्या हाव का? बसतो की." साहेब म्हणाले, "बसा."

हा शब्द लक्षात ठेवा, गहिनीनाथ साहेब. 'बसा' म्हणाले.

अकरा जणी चढलो. मी धरून. चतुराबाई चढताना म्हणाली, "माजं वजन धरू नका सायेब, ते दुष्काळानं खाल्लंय." मोहनराव साहेब पुढं शहादेवशेजारी. खिंडीच्या मध्यावर इंजिन ओरडायला लागलं, जळका वास सुटला आणि गाडी मागं यायला लागली. आम्ही किंचाळलो. साहेबांनी उडी मारली, स्वतःच्या हातानं चाकामागं दगड लावला. घामानं शर्ट भिजला होता. मला म्हणाले, "ताई, तुमचं खरं आहे."

ते ऐकून त्या दिवशी मला किती हलकं वाटलं होतं, ते तुम्हाला सांगता येणार नाही.

वर्कशॉपमध्ये आमच्यासमोर गाडी खोलली. प्लेट तेलानं निथळत होती. इंजिनाच्या मागं रबराचं एक सील असतं, ते गळत होतं. तेल प्लेटवर आलं की प्लेट घसरणारच. साहेब स्वतः म्हणाले, हा कारखान्याचाच दोष. शहादेवचा नाही, धुळीचा नाही. त्यांनी अर्ज भरला, फोटो जोडले, वर पाठवला. शहादेव त्या दिवशी चप्पल घालून घरी गेला.

श्रावणात वरून उत्तर आलं. सील नाही, प्लेट नाही, उलट गाडीची सगळी वॉरंटीच रद्द. कारण? मालवाहू गाडीत प्रवासी बसवले. पुरावा म्हणून साहेबांनीच काढून जोडलेला फोटो. खिंड, गाडी आणि मागं आम्ही अकरा जणी पदर सावरून बसलेल्या.

गहिनीनाथ साहेब, आम्ही प्रवासी नव्हतो. आम्ही वजन होतो. तुमच्याच माणसानं बसवलेलं वजन.

मी मोहनराव साहेबांना म्हणाले, "फक्त एक ओळ लिहा. 'चाचणीसाठी या बायांना मीच बसवलं,' एवढंच." साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "ताई, माझ्या हातात काही नाही, वरून आलंय." मी पुन्हा गेले, पुन्हा तेच. आषाढ कोरडा गेला तसा श्रावण गेला, भादवा गेला. पदरचे पैसे घालून दुरुस्ती करायची ऐपत आता उरली नव्हती. गाडी तुमच्या शेडच्या मागं उभी आहे, तिच्या बोनेटवर आता मांजर व्यायलंय. अर्ध्या दुधासाठी भाड्याचा टेम्पो परवडेना. शीतकरण केंद्रानं आमच्या वाडीचं नाव काढून टाकलं.

मघाशी सूत्रसंचालक सांगत होते, की अख्ख्या मराठवाड्यात वॉरंटीवर सगळ्यात कमी खर्च आपल्या वर्कशॉपचा झाला, म्हणून साहेबांना बढती मिळाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीनं हात उठतात. मग ध्यानात आलं, की त्या वाचवलेल्या खर्चात आमची पिकअप आहे. मी माझ्याच गाडीच्या नावानं टाळ्या वाजवत होते. असा राग आला मला, खरं सांगते! कुणाचा, ते मात्र धड सांगता येत नाही. साहेब चांगले आहेत. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडून मोकळं होता येतं. चांगल्या माणसानं खरं माहीत असून एक ओळ लिहिली नाही, तर त्याचं काय करायचं?

काय म्हणालात गहिनीनाथ साहेब? कार्यक्रमानंतर ऑफिसात भेटा? साहेब, 'नंतर' हा शब्द मी या गावात फार ऐकला. 'वर' म्हणजे कुठं, तेही आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आज तुम्ही समोर बसलात आणि मोहनराव शेजारीच आहेत. तुम्ही त्यांना इथंच विचारा, बाया कुणी बसवल्या. त्यांनी तोंडानं सांगितलं तरी चालेल. एवढे लोक साक्षीला आहेत.

मोहनराव साहेब, मान वर करा. मी वाट बघते.

...बरं. राहू द्या.

मला फक्त एक कळवायचं होतं. चतुराबाई परवा गेली. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली, लेकीचं दप्तर भिंतीला अडकवलं, लेकीला सोबत घेतलं. मी खिंडीपर्यंत गेले होते. ट्रकमध्ये चाळीस माणसं, बिऱ्हाडं, कोंबड्या, बैलगाड्यांची जुवं, आणि तरी तो ट्रक एका दमात खिंड चढला. त्याचा क्लच चांगला होता.

मला बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि आयोजकांचे मनापासून आभार. चहाचेही आभार, आजवरच्या सगळ्या. मी व्याख्यान देणारी बाई नाही. कुणाच्या मनाला लागेल असं काही बोलून गेले असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला. कार्यक्रमपत्रिकेत पुढं लिहिलंय, की ग्राहकांच्या वतीनं सत्कारमूर्तींना शाल मी घालायची आहे. ते तुमच्यातल्या कुणीतरी उरकून घ्या. चतुराबाईच्या दोन्ही गायी आता माझ्या दावणीला आहेत, आणि मला संध्याकाळच्या धारेला पोचायचं तर आत्ताचीच एसटी धरावी लागेल. जय भीम.